मापाचा कागद

पाकिटातून आधी पाय आला.
खाकी कागदावर पेन्सिलीनं ओढलेला,
तळव्यापाशी रेघ थरथरलेली,
गुदगुल्या झाल्या असणार.
खाली नाव सिओने, गाव ऑकलंड.
रावसाहेबांनी टेप लावली, पुन्हा लावली.
"बारा इंच. आणि रुंदी बघ की,
पाय हाय का परात?"

मी वेणी घालतो.
होय, घालतो; आमच्याकडं बायका असंच बोलतात,
व्याकरण आम्ही उंबऱ्याबाहेर काढून ठेवलंय.
तीस वर्षं सुभाषनगरच्या या गल्लीत
माणसांआधी त्यांचे पाय ओळखत आलो.
पण तळ कापायचा तर रस्ता कसला ते कळाय पाहिजे,
उसाच्या रानाला एक, डांबराला दुसरा.
म्हटलं, प्राजू, विचार त्याला,
तुझा देश पायाखाली कसा लागतो?

तो देश शोधायला प्राजूला
नकाशाच्या पार कडेला जावं लागलं.
दोन तुकडे, मधे फट,
कातरून टाकलेल्या चामड्यासारखे.
"एवढंच? आणि भोवतीनं सगळं पाणी?"
रंकाळ्यापलीकडचं पाणी मला कुठं माहीत.

मग उत्तरं यायला लागली.
आमचा सकाळचा चहा उकळायचा तेव्हा
त्याची बस दुपारच्या उन्हात उभी असायची.
त्याच्या शहरात पन्नासेक ज्वालामुखी झोपलेत
आणि लोक त्यांच्या अंगाखांद्यावर घरं बांधून
सुट्टीला उतारावर डबा खातात.
एकाच्या पोटात नुसती गवताची वाटी.
सगळ्यांत धाकटा समुद्रात जाऊन बसलाय,
कुठल्याही गल्लीतनं बघा, तोंड तेच.
पश्चिमेची वाळू काळी, चटका देणारी.
दगडही काळा.
प्राजूनं फोटो मोठा केला
तसे रावसाहेब हसले, "ह्यो तर पन्हाळ्याचाच की!
कुणी नेला एवढ्या लांब?"

शिडांच्या होड्या पाठवल्या त्यानं,
इतक्या, की बंदर म्हणजे वाळत घातलेलं धुणं.
त्याचा आजा टोंगातनं आलेला, दुसऱ्याच बेटावरनं,
म्हणून ते शहर त्यालाही
सणासुदीला जरा परक्यासारखं वाटतं.
एवढं लिहून दोन दिवस निरोप नाही.
मी उजवी वेणी उसवून पुन्हा घातली.

तिसऱ्या दिवशी फोटो, दुकानातला.
दूध-पावाच्या रांगेत चौघं,
चारी अनवाणी.
कपडे बरे, एकाच्या हातात गाडीची किल्ली.
"गरीब हाईत?"
"नाही गं आई. सवय आहे म्हणे. उन्हाळ्यात असेच हिंडतात."
रावसाहेबांनी रापी खाली ठेवली.
"मग आपल्याला कशाला ताप?"

मला अंबाबाईचं दार आठवलं,
जोडे काढून गार फरशीवर पाय टेकला
की माणसाचा चेहरा कसा सैल होतो ते.
असेल, एखाद्याचं अख्खं शहरच
दाराच्या आत असेल.

सिओनेनं लिहिलं, पोरीचं लग्न आहे.
माझ्या बसमधे तुमच्याकडचा एक माणूस चढतो,
आरशात न बघता मला कळतं, तोच आला.
मलाही एक दिवस
असं वाजत जायचंय.

रावसाहेब काही बोलले नाहीत.
उठून डब्यातनं विंचवाचं बी काढलं,
एक नाही, दोन,
आणि तळाच्या थरांत दाबलं.

पार्सल पोचलं, लग्नही झालं म्हणे.
त्यानं फोटो पाठवला नाही, आवाज पाठवलाय.
आठ सेकंद करकर करकर,
मग थांबतो.
"काढल्या बघ," रावसाहेब म्हणतात, "हातात घेतल्या असतील."
मी पुन्हा लावायला सांगतो.
करकर संपल्यावर
बराच वेळ नुसतं पाणी वाजतं.